शास्त्रज्ञाची वाट सांगताना

शास्त्रज्ञांची चरित्रे आपण विद्यार्थ्यांच्या हाती का देतो? शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न विचारला तर 'प्रेरणा मिळावी म्हणून' असे उत्तर लगेच मिळेल. प्रेरणा मिळावी हे खरेच, पण कशाची? मोठे होण्याची, की एखादा प्रश्न वर्षानुवर्षे धरून ठेवण्याची? या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीसाठी पदव्या, परदेश आणि पुरस्कार यांची यादी पुरते. दुसरीसाठी तो प्रश्न काय होता, तो कोठून आला आणि वाटेत कसा बदलला, हे सांगावे लागते. आपल्याकडील चरित्रलेखन पहिल्या कामात वाकबगार आहे. दुसऱ्यात ते बहुधा कमी पडते. हे केवळ मत राहू नये म्हणून एक उदाहरण तपासून पाहू.

हे उदाहरण आहे मॉन्सूनच्या अभ्यासक डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे. भारतातील स्त्री-शास्त्रज्ञांच्या लेखांचे 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केले. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी हे त्याचे संपादक. त्यात गाडगीळ यांनी आपल्या वाटचालीविषयी लिहिले आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात त्यांचे निधन झाल्यावर वृत्तपत्रांतून आणि नियतकालिकांतूनही त्यांच्याविषयी बरेच छापून आले. हे सारे लेखन शाळेच्या फळ्यावर, भित्तिपत्रकात आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या भाषणात उतरत राहणार. म्हणून ते काय सांगते आणि काय गाळते, हे पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

सांगितली जाते ती गोष्ट

गोष्टीचा सांगाडा असा असतो. १९४४ मध्ये पुण्यात जन्म. घर डॉक्टरांचे, सुशिक्षित. ऋषी व्हॅलीची निवासी शाळा, मग फर्ग्युसन महाविद्यालय. पुढे हार्वर्ड विद्यापीठ, तेथे १९७० मध्ये उपयोजित गणितातील डॉक्टरेट. त्यानंतर एमआयटीमध्ये नॉर्मन फिलिप्स यांच्याबरोबर काम. १९७१ मध्ये भारतात परत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत दोन वर्षे. १९७३ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. मग मानसन्मान. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या पत्नी, हे वाक्य कोठेतरी येतेच. कधी कधी तर पहिल्याच ओळीत.

यात चुकीचे काही नाही. लीलावतीच्या लेकींच्या पुस्तकाचा तर हेतूच वेगळा होता. विज्ञानात काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या देशात आहेत, त्यांनी घर, लग्न, मुले आणि प्रयोगशाळा यांची सांगड कशी घातली, हे मुलींना दिसावे, यासाठी ते पुस्तक काढले गेले. या हेतूला ते पुरेपूर उतरले आहे. एकेका लेखिकेला मोजकीच पाने. त्यात आयुष्यही सांगायचे आणि संशोधनही. अशा वेळी संशोधन आखडले जाणार, हे ओघानेच आले.

आमची तक्रार आहे ती या सांगाड्यालाच वाटचाल समजण्याविषयी. जिल्ह्याच्या गावातला अकरावीचा विद्यार्थी हा तपशील वाचतो तेव्हा त्याला एक शिडी दिसते, आणि तिची वरची प्रत्येक पायरी त्याच्या आवाक्याबाहेरची असते. हार्वर्ड त्याच्यासाठी नाही, डॉक्टरांचे घर त्याचे नाही. मग उरते ती लांबून करायची वाहवा. शिवाय मूळ प्रश्नाचे उत्तर या सांगाड्यात सापडतच नाही. महासागरातील प्रवाहांचे गणित करणारी व्यक्ती भारताच्या पावसाकडे वळली कशी? आणि वळून तिने केले काय?

प्रश्न आधीपासून होता

या वाटेची सुरुवात गाडगीळ यांच्या जन्माच्या बऱ्याच आधी होते. मॉन्सून का येतो, याचे उत्तर आपण सर्वांनी शाळेत शिकलो आहोत. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, जमिनीवर हवेचा दाब कमी होतो, आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे जमिनीकडे धावतात. म्हणजे मॉन्सून हा एक प्रचंड खारा वारा झाला. ही कल्पना एडमंड हॅली यांची, १६८६ मधली. धूमकेतूला ज्यांचे नाव आहे, तेच हे हॅली.

भारतीय हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्पसन यांनी १९२१ मध्ये या उत्तराविषयी काही अडचणीच्या शंका उपस्थित केल्या. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात. मग पावसाचा जोर जुलैत का? सर्वांत जास्त तापतो तो वायव्येकडील भाग. मग तेथेच पाऊस सर्वांत कमी का? आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी जमीन अधिक तापलेली असते, चांगल्या पावसाच्या वर्षी कमी. वारे जर तापमानातील फरकाने खेचले जात असतील, तर हे उलटे व्हायला हवे.

या शंका पडताळायला वेधशाळा लागत नाही. नागपूरचे उदाहरण घ्या. मे महिन्यात तेथील सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते, जुलैत ते ३२ च्या आसपास येते. पावसाने जमीन थंड होते, हे आपण दरवर्षी अनुभवतो. म्हणजे पावसाळ्यातील जमिनीचे तापमान हे बऱ्याच अंशी पावसाचे कारण नसून पावसाचा परिणाम असते. इतकी साधी गोष्ट भूगोलाच्या तासाला आपल्या मनात का येत नाही? कारण उत्तर आधी पाठ झालेले असते.

गणिताकडून मॉन्सूनकडे आलेल्या गाडगीळ पहिल्याच नव्हत्या. सिम्पसन यांचे वरिष्ठ गिल्बर्ट वॉकर हे १८८९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आलेले गणिती. बूमरँग कसे उडते यावर त्यांनी लिहिले होते. हवामानशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. १९०४ मध्ये ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक झाले. जगभरच्या दाबाच्या आणि पावसाच्या नोंदी घेऊन त्यांनी सहसंबंधांचे गणित मांडले, आणि त्यातून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील दाबाचा 'दक्षिणी दोलन' नावाचा हिंदोळा हाती आला. वॉकर यांची गोष्टही 'एका प्रतिभावंताचा शोध' अशीच सांगतात. ती अवाढव्य आकडेमोड खात्यातील भारतीय कारकुनांनी हाताने केली होती. त्यांची नावे गोष्टीत येत नाहीत. वॉकर यांनी संख्यांमधील नाते दाखवले. ते नाते का आहे, हा प्रश्न त्यांच्या काळात सुटणारा नव्हता.

पुण्यातील दोन वर्षे

आता १९७१ कडे येऊ. त्या वर्षी पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था हवामान खात्यापासून वेगळी होऊन स्वायत्त झाली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची 'पूल' योजना त्या काळी होती: परदेशातून परतलेल्या संशोधकाला कायमची नोकरी मिळेपर्यंत काम आणि वेतन देणारी. या योजनेतून गाडगीळ तेथे आल्या. सांगाड्यात या दोन वर्षांना एक ओळ मिळते. आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे वळण येथेच आहे.

हार्वर्डमध्ये त्यांनी समुद्रातील वेगवान प्रवाहांच्या नागमोडी वळणांचे गणित केले होते. फिरणाऱ्या पृथ्वीवर द्रव कसा वाहतो, याची समीकरणे हवेलाही लागू पडतात; म्हणून हत्यार हाताशी होते. परंतु हत्यार असणे आणि पाऊस माहीत असणे यांत अंतर आहे. पुण्याला त्यांना आर. अनंतकृष्णन आणि डी. आर. सिक्का यांच्यासारखे लोक भेटले. हवामानाचे दैनंदिन नकाशे वाचण्यात त्यांची हयात चालली होती. समीकरणे जाणणारी आणि नकाशे जाणणारी माणसे एका टेबलाशी बसली, ही या वाटचालीतील खरी घटना. तिला पुरस्कार नसतो, म्हणून ती यादीत येत नाही.

या मेळातून जे निघाले ते थोडे सविस्तर पाहू.

विषुववृत्ताच्या आसपास दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे एकत्र येतात. तेथे हवा वर चढते, ढग बनतात, पाऊस पडतो. पृथ्वीला वेढणाऱ्या या पट्ट्याला आंतर-उष्णकटिबंधीय केंद्रीभवन पट्टा, किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी आयटीसीझेड, म्हणतात. सूर्य उत्तरेकडे-दक्षिणेकडे सरकतो तसा हा पट्टाही सरकतो. मोकळ्या महासागरावर हे सरकणे थोडेच असते. भारताच्या रेखांशांवर मात्र तो हिवाळ्यात विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो आणि जुलैत थेट गंगेच्या मैदानापर्यंत येतो. मग मॉन्सून म्हणजे भारतापुरती असलेली खास यंत्रणा, की याच जागतिक पट्ट्याची जमिनीवरची स्वारी?

सिक्का आणि गाडगीळ यांनी या प्रश्नाला उपग्रहाच्या छायाचित्रांनी हात घातला. १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतील रोजची छायाचित्रे घेऊन प्रत्येक दिवशी दाट ढगांचा पट्टा कोणत्या अक्षांशावर आहे, याची त्यांनी नोंद केली. १९८० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे. पावसाळ्यात ढगांच्या पट्ट्याला दोन आवडत्या जागा आहेत: एक भारताच्या भूमीवर, दुसरी विषुववृत्तालगतच्या समुद्रावर. जमिनीवरील पट्टा काही काळ टिकतो, मग क्षीण होतो. त्याला पुन्हा जोम येतो तो समुद्रावरील पट्टा उत्तरेकडे सरकत येऊन त्याला मिळाल्यामुळे. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे घडत राहते. जमिनीवरील पट्ट्याची वारे, दाब, ढग ही सारी लक्षणे आयटीसीझेडशी जुळतात.

आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा: जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जी उघडीप देतो, ती संपेल की नाही, याची किल्ली बऱ्याचदा शेकडो मैल दक्षिणेला समुद्रावर असते. दुबार पेरणीच्या काळजीत असलेल्या माणसाला ज्या गोष्टीने फरक पडतो, ती गोष्ट रोजचे एक चित्र पाहून एक आकडा लिहिण्याच्या कामातून पुढे आली.

जमिनीच्या तापण्याला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ करू नये. जमीन तापल्यामुळेच हा पट्टा एवढ्या उत्तरेला येऊ शकतो. तिबेटचे पठार आणि उंचावरील हवेचे तापमान यांच्या भूमिकेविषयी संशोधकांची चर्चा अजून चालू आहे. पण 'जमीन जितकी तापेल तितका पाऊस' हे सूत्र टिकत नाही.

पुढची वळणे

त्यानंतरचा प्रवासही प्रश्नांनीच आखलेला दिसतो. समुद्राच्या कोणत्या भागावर ढगांचा पट्टा टिकू शकतो? १९८४ मध्ये गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी 'नेचर'मध्ये दाखवले की, पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसचा उंबरठा ओलांडते तेव्हाच दाट ढगांना वाव मिळतो; मात्र तो ओलांडल्यावर तापमान आणखी वाढले म्हणून ढग वाढतीलच असे नाही. लेखकांपैकी जोसेफ हवामानशास्त्रज्ञ, जोशी परिसरविज्ञानातले.

मग अंदाजाचा प्रश्न. पॅसिफिक महासागरात एल निनो असला की भारतात पाऊस कमी होण्याकडे कल असतो, हे सिक्का यांनी १९८० मध्येच मांडले होते. १९९७ मध्ये फार मोठा एल निनो होता. सर्वांना अवर्षणाची धास्ती होती. प्रत्यक्षात देशाचा पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. २००२ मध्ये एल निनो त्यामानाने बेताचा, अंदाज सरासरीच्या जवळपासचा; पण जुलैत पाऊस सरासरीच्या जेमतेम निम्मा पडला आणि मोसमाअखेर तूट १९ टक्क्यांवर गेली. कोणत्याही प्रमुख प्रारूपाने एवढी तूट सांगितली नव्हती.

या फसगतीतून पुढचा शोध निघाला. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असे मांडले की, विषुववृत्तीय हिंदी महासागरावर पूर्व आणि पश्चिम भागांत ढगांचा एक हिंदोळा असतो. पश्चिमेकडे ढग जास्त असतील तर ते आपल्या मॉन्सूनला अनुकूल, पूर्वेकडे असतील तर प्रतिकूल. १९९७ मध्ये हा हिंदोळा अनुकूल होता आणि त्याने एल निनोची कसर भरून काढली. २००२ मध्ये दोन्ही प्रतिकूल होते. चरित्रात हे 'हिंदी महासागरातील दोलनाचा शोध' अशा चार शब्दांत येते. या शब्दांत कर्तृत्व कळते. पण दोन वर्षे सगळ्यांचा हिशेब चुकला आणि त्या चुकीचा पाठपुरावा कोणीतरी केला, हे मात्र कळत नाही.

शेवटचे वळण शेताकडे गेले. अनंतपूरच्या परिसरात पावसावर भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून, पावसाच्या रोजच्या नोंदी आणि पिकाचे संगणकीय प्रारूप यांच्या आधारे, पेरणी केव्हा केली तर धोका कमी होईल, याचा अभ्यास गाडगीळ यांच्या गटाने केला. येथे प्रश्न सुचवण्यात शेतकऱ्यांचाही हात होता. गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ यांच्याबरोबर २००६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की, शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा घटला तरी तीव्र अवर्षणाने होणारा तोटा २ ते ५ टक्क्यांच्या घरातच राहिला आहे. आणि वाईट वर्षात जेवढे जाते तेवढे चांगल्या वर्षात परत मिळत नाही.

गाळलेल्या गोष्टींची किंमत

आता सांगाडा आणि ही वाटचाल शेजारी ठेवून पाहा. आमच्या मते प्रचलित लेखनात तीन उणिवा राहतात.

पहिली, प्रश्न नाहीसा होतो. 'मॉन्सूनवर मोलाचे संशोधन केले' या वाक्यात मॉन्सूनच्या जागी काहीही घातले तरी चालते. ज्या वाक्यात विषय बदलला तरी फरक पडत नाही, ते वाक्य विज्ञानाविषयी काही सांगत नाही.

दुसरी, माणसे नाहीशी होतात. सिक्का, अनंतकृष्णन, जोसेफ, जोशी यांच्याशिवाय ही वाट सांगताच येत नाही. गंमत अशी की, स्त्री-शास्त्रज्ञाच्या बाबतीत पतीचे नाव न चुकता येते आणि सहकाऱ्यांची नावे गळतात. कामातले सोबती सांगितले असते तर ती कोणाची कोण, यापेक्षा ती काय करत होती, हे वाचकाला आधी कळले असते.

तिसरी उणीव अधिक नाजूक आहे. प्रेरणेच्या भरात परिस्थितीचा वाटा झाकला जातो. सुशिक्षित घर, उत्तम शाळा, परदेशी शिष्यवृत्ती, परतल्यावर पाय टेकायला पूल योजना, नुकतीच स्वायत्त झालेली संस्था: यांतील काहीही नसते तर ही वाट अशी झाली नसती. हे सांगितल्याने कोणाचा मोठेपणा कमी होत नाही. उलट, न सांगितल्याने विद्यार्थ्यावर अन्याय होतो. जिद्द असली की सारे जमते असे आपण सांगतो, आणि जमले नाही की दोष त्याच्या जिद्दीकडे जातो. एखाद्या सरकारी योजनेमुळे, ग्रंथालयामुळे वा वरिष्ठाच्या उदारपणामुळे विज्ञान उभे राहते, हे त्याला कळले तर उद्या मोठा झाल्यावर तो तशा गोष्टींची मागणी तरी करील.

आमच्या संस्थेत शाळांची मुले येतात तेव्हा हमखास विचारतात, 'शास्त्रज्ञ व्हायला कोणता कोर्स करावा?' हा प्रश्न त्यांनी कोठून शिकला, हे उघड आहे. आपण त्यांना शिड्याच दाखवत आलो आहोत. तुम्हाला कोणते कोडे पडले होते, असे विचारणारे मूल क्वचित भेटते.

वर्गात काय करता येईल

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. विज्ञान दिनाला गाडगीळ यांच्यावर भाषण ठेवायचे असेल तर अवश्य ठेवा. पण त्याआधी मुलांकडून सिम्पसन यांच्या तीन शंका तपासून घ्या. आपल्या जिल्ह्यातील मे आणि जुलै महिन्यांची तापमाने मुले वर्तमानपत्रातून टिपू शकतात. मग पाठ्यपुस्तकातील उत्तर आणि ही आकडेवारी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि भांडण मुलांनाच सोडवू द्या. पावसाळ्यात हवामान खात्याची उपग्रह-चित्रे कोणालाही पाहता येतात. आठवीच्या एखाद्या तुकडीने जून ते सप्टेंबर रोज एक चित्र पाहिले, भारताच्या रेखांशांवर दाट ढगांचा पट्टा कोणत्या अक्षांशावर आहे ते वहीत लिहिले, आणि शेजारी आपल्या गावचा पाऊस मांडला, तर १९८० च्या त्या निबंधामागील काम काय होते, हे तिला चांगलेच उमगेल. उघडीप पडेल तेव्हा दक्षिणेकडे काय दिसते, हेही मुले आपणहून पाहू लागतील.

वही लहान पट्ट्यांची असावी आणि एकही दिवस चुकू नये. सुट्टीच्या दिवसांची पाळी मुलांनी आपापसांत वाटून घ्यावी. चार महिन्यांनी त्या वहीत सुमारे १२० नोंदी होतील. त्यानंतर गाडगीळ यांचे चरित्र वर्गात वाचावे. मुलांना त्यात विचारायला पुष्कळ प्रश्न सापडतील.